रिकाम्याने खाली उतरायचं

२८ जानेवारी २०२५

प्रति,
जहिदा रियाज शेख,
द्वारा रिझवान शेख घोडेवाले, सटाणा.

विषय : तुझं पातेलं माझ्याकडे राहिल्याबाबत.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून कागदावर लिहिते आहे. राकेशच्या फोनवरून लावून पाहिलं, माझ्या पोराचाही नंबर ब्लॉक. सुनेच्या, राखीच्या फोनवरून लावला तर तुझ्या भावाने उचलला आणि "ताई मन्हा घर शे, बरी शे" एवढं त्याच्या अहिराणीत, म्हणजे तू त्याच्या घरी बरी आहेस एवढंच, बोलून ठेवून दिला. शेवटी पोस्टात गेले. दिनेश पोस्टमन म्हणाला, "चांगुणाताई, ह्या गावातून कुणी कुणाला हातानं पत्र लिहिलेलं मला तर आठवतच नाय." मी म्हटलं, तू आठवत बसू नकोस, शिक्का मार.

तर पातेलं. राखीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तू ज्यात खीर पाठवली होतीस ते. घासून फळीवर ठेवलं आहे. भिंतीला भिंत लागून घर असताना माणूस पातेलं न्यायला येत नाही आणि घोडी, नवरा, गाठोडी घेऊन भावाकडे जातो, याला काय म्हणायचं ते मी लिहीत नाही.

आता विषय निघालाच आहे म्हणून त्या दिवसाचं लिहिते. तू तिथे नव्हतीस, आणि रियाजभाऊ पडत असल्यामुळे त्यांना सगळं नीट दिसलं नसणार. मी अंगणवाडीत एकतीस वर्षं अहवाल लिहिले आहेत. जसं घडलं तसंच लिहायची मला सवय आहे.

दिनांक १५ जानेवारी, सकाळी अकरा. ठिकाण पाटाचा रस्ता. एका हाताला पाट, दुसऱ्या हाताला नवनाथच्या द्राक्षबागेची तार, मधे एक ट्रॅक्टर जाईल एवढीच जागा, खाली उतरायला साइडपट्टी ठिकठिकाणीच. मी निफाडहून ट्रॉली घेऊन घरी येत होते. समोरून रियाजभाऊ चांदोरीचं लग्न आटोपून तुमच्या गुलछडीवर बसून येत होते. घोडीच्या अंगावर झूल आणि डोक्यावर तुरा तसाच. दोघं समोरासमोर थांबलो. बैलगाड्यांच्या काळापासून आपल्या गावचा नियम आहे, भरलेल्याने सरळ जायचं, रिकाम्याने खाली उतरायचं. माझ्या ट्रॉलीत युरियाच्या दोन गोण्या होत्या. म्हणजे मी भरलेली.

रियाजभाऊ म्हणाले, "ताई, दोन गोण्यांची ट्रॉली भरलेली म्हणायची व्हय?"

मी म्हटलं, "तुमचा नवरदेव तर चांदोरीला उतरला. घोडी रिकामी हाय. तुम्ही व्हा बाजूला."

"मग मी कोण हाय?"

"तुम्ही काय माल हाय का?"

यात वाईट काय बोलले? माणसाला माल म्हटलं नाही, हे चांगलंच ना? एवढ्यात माझं कोपर लागून हॉर्न वाजला. हा हॉर्न राकेशने दिवाळीला हौसेने बसवलेला. त्यात लग्नाच्या बँडची चाल वाजते. ती चाल ऐकली की तुमची गुलछडी पुढचे दोन पाय उचलते आणि जागच्या जागी तीन गिरक्या घेते. तुम्हीच शिकवलं आहे तिला. पहिल्याच गिरकीला रियाजभाऊ पाटात पडले. पाणी गुडघाभर होतं, पण काठाचा दगड लागून गळ्याजवळचं हाड मोडलं. माझा यात दोष असेल तर तो एका कोपराएवढा.

दवाखान्यात मी डबा घेऊन आले होते. तिथे मी जे बोलले ते नियमाला धरूनच बोलले. त्यावर भरला डबा परत माझ्या हातात द्यायची गरज नव्हती. भेंडी होती. वाया गेली.

पातेलं कधी नेतेस ते कळव.

आपली,
चांगुणा धोंडीराम पगारे

ता. क. तुमच्या कोंबड्या मी माझ्याकडे आणल्या आहेत. खातात भरपूर, अंडं एक नाही. मालकिणीसारख्याच रुसल्या आहेत.

१२ फेब्रुवारी २०२५

जहिदा,

उत्तर नाही. पोस्टाचीच काहीतरी गफलत असणार असं धरून पुन्हा लिहिते आहे.

गावात काय चाललं आहे ते तुला कळायला हवं, कारण त्याची सुरुवात तुझ्या नवऱ्यापासून झाली. रियाजभाऊ पडल्यावर सरपंच जयराम म्हणाला की रस्त्याचा नियम आता तोंडी ठेवायचा नाही, लिहून काढायचा. ग्रामसभा घेतली. पहिलाच प्रश्न निघाला, माणूस बसलेला घोडा भरलेला धरायचा की रिकामा? नवनाथ म्हणाला रिकामा, कारण पोटाला लागेल असं त्यावर काही नसतं. कुणी म्हणालं भरलेला. मग जयरामने विचारलं, भरलेल्या गाडीने रियाजच्या घोडीला कधी बाजू दिलेली कुणी पाहिली आहे का? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी तुमची शेजारीण. मी म्हटलं, आठवत नाही. जयराम वर पंख्याकडे बघत होता. मग घोड्याचा प्रश्न पुढच्या सभेवर गेला आणि बाकीचा नियम आहे तसा लिहून लावला. माझं अक्षर चांगलं म्हणून मला रस्ता समितीची अध्यक्ष केलं.

जहिदा, नियम लिहिला आणि गाव बिघडलं. तोंडी होता तोवर माणसं समोरच्याचं तोंड बघून बाजूला होत होती. आता जो तो आधी दुसऱ्याच्या ट्रॉलीत डोकावतो. नवनाथने ट्रॉलीत एक मोठा दगड टाकला आहे. दहा दिवस झाले, तोच दगड शेतावर जातो आणि तोच घरी येतो. विचारलं तर म्हणतो, "भरलेली हाय ताई, दिसत नाय का?" दूधवाला डेअरीत दूध घालून परत येताना कॅन पाण्याने भरून घेतो. दिनेशच्या पिशवीत विजेची दोन बिलं असतात, तोही सायकल मधोमध घालतो आणि म्हणतो सरकारी टपाल आहे. त्या द्राक्षबागेतल्या रिसॉर्टची जीप चालवणारा ललित काच खाली करून सांगतो, "पाहुणे भरलेत." पाहुणे मागे बसून आमचे फोटो काढत असतात.

एकच निवाडा बरोबर झाला. राखी स्कूटरवरून येत होती, समोर नवनाथ आपला दगड घेऊन. राखी खाली उतरली, ओढणी बाजूला केली आणि म्हणाली, "काका, माझ्याकडं बघा आन् तुम्हीच सांगा कोण भरलेलं हाय." सहावा महिना लागला आहे तिला. नवनाथ निमूट खाली उतरला.

पण परवा कहर झाला. जयरामचा उसाचा ट्रॅक्टर एकीकडून, नवनाथचा दगड दुसरीकडून. दोघंही भरलेले. कुणी हलेना. मागे अकरा गाड्या लागल्या. ललितच्या पाहुण्यांना तर सहलच झाली, त्यांनी बागेच्या कडेला चटई टाकली. मला बोलावणं आलं. कोणाचा भार जास्त ते ठरवायचं म्हणून मी अंगणवाडीतून पोरांना वजनाला टांगायचा काटा मागून आणला. उसाचं वजन होणं शक्य नव्हतं, म्हणून निदान दगडाचं करावं. दगड झोळीत घातला, काटा बाभळीला टांगला, चार जणांनी सोडला. काटा पंचवीस किलोचा. दगड काट्यासकट खाली आला आणि नवनाथच्या पायावर पडता पडता राहिला. मग तो भानावर आला आणि मागे झाला. काट्याची भरपाई मला करावी लागणार आहे.

तू असतीस तर हसून हसून भिंतीला टेकली असतीस. मला एकटीला तेवढं हसू आलं नाही.

आणखी एक लिहायचं म्हणजे, गुलछडी रस्त्यावर असायची तेव्हा सगळेच हळू व्हायचे. पोरंसुद्धा मोटरसायकलचा आवाज कमी करायची. नियम कुणी वाचलेला नव्हता. आता रस्त्यावर जनावर नाही आणि माणसंच एकमेकांना शिंगं दाखवतात.

समितीची अध्यक्ष म्हणून विचारते, तुझं मत कळव. घोडेवाल्यांच्या बाजूने बोलायला गावात कुणी उरलेलं नाही.

चांगुणा

५ मार्च २०२५

जहिदा,

तुझं कार्ड मिळालं. दिनेशने ते वाचूनच माझ्या हातात दिलं, वर म्हणाला, "ताई, लय कडक लिव्हलंय."

कडक नाही, थोडकं आहे. मी दोन पत्रं मिळून पाच पानं लिहिली आणि तू चार वाक्यं. "पातेलं ठेवून घे. यांचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, ते परत त्या रस्त्यावर घोडी घालायला तयार नाहीत. ईद झाली की गुलछडी विकायची आणि इथंच भावाच्या धंद्यात राहायचं, राहात्याचा एक माणूस बघूनही गेला. एकच विचारते ताई, हॉर्न कोपरानं वाजला का अंगठ्यानं?"

हे वाचून मला आधी रागच आला. तीस वर्षांची शेजारीण, आणि पोलिसासारखा प्रश्न विचारतेस! तुझ्या सिझेरियनला दवाखान्यात कोण झोपलं होतं? तुझ्या पोरीला, आफियाला, पहिला वरणभात कुणी भरवला? गुलछडी शिंगरू असताना माझा अख्खा पालक खाऊन गेली तेव्हा मी काही बोलले का? बोलले. पण दुसऱ्या दिवशी विसरले.

राग आला आणि ट्रॅक्टरवर जाऊन बसले. तुला खात्रीने उत्तर द्यावं म्हणून कोपर हॉर्नपर्यंत कसं जातं ते करून पाहिलं. बटण स्टिअरिंगच्या खाली, पार आतल्या अंगाला आहे. तिथे कोपर न्यायचं तर बाईला आधी सर्कशीत नोकरी करावी लागेल. माझा हा खटाटोप राकेश गोठ्यातून बघत होता. म्हणाला, "आई, काय चाललंय?" मी म्हटलं, व्यायाम.

अंगठ्याने वाजला, जहिदा.

झालं समाधान? मला राग आला होता म्हणून वाजवला. रियाजभाऊ घोडीवर बसून वरून बोलत होते, आणि ट्रॅक्टरवर असूनसुद्धा मला मान वर करून बोलावं लागत होतं. म्हणून दाबलं बटण. पण घोडी नाचेल हे माझ्या ध्यानात नव्हतं. ही चाल तीच आहे हे मला कसं ठाऊक असणार? बँडच्या चाली सगळ्या सारख्याच असतात.

रोजे सुरू झाले. भावाच्या घरी पहाटे तुला कोण उठवतं? इथे मी भिंतीवर लाटणं वाजवायचे. पहिल्या रोजाला चार वाजता उठून वाजवलं आणि मग आठवलं की पलीकडे कुणी नाही. राखी घाबरून उठून बसली.

घोडी विकायची घाई करू नका.

चांगुणा

२० मार्च २०२५

जहिदा,

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही, ते बरंच झालं. ते पत्र अर्धं खोटं होतं.

राखी तिच्या लग्नाचा व्हिडिओ बघत बसली होती. मी शेजारी लसूण सोलत होते. वरात निघते तिथे व्हिडिओ आला आणि तिने आवाज वाढवला. गुलछडी दोन पायांवर उभी, वर राकेश फेटा धरून घाबरलेला, खाली रियाजभाऊ लगाम धरून हसताहेत आणि त्यांच्या पुढे मी. मी, जहिदा. हातवारे करून बँडवाल्याला सांगते आहे, "तीच चाल, तीच, परत वाजव, घोडी नाचते!" पाच वेळा वाजवायला लावली. राखीने व्हिडिओ थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, लसूण मी सोलते." एवढंच. तिने कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. सांगते आहे ती मी.

मला ठाऊक होतं. हॉर्न वाजला की घोडी नाचणार हे मला त्या दिवशी पक्कं ठाऊक होतं. ती नाचेल, रियाजभाऊंची जरा फजिती होईल, ते मुकाट्याने घोडी वळवतील, एवढं माझ्या मनात होतं. ते पडतील हे नव्हतं मनात. हे मात्र शपथेवर.

आता हेही वाच. ग्रामसभेत मी "आठवत नाही" म्हणाले तेही खोटं. राकेशच्या लग्नाहून परत येताना नवरानवरी मोटारीतून आली, घोडीवर एकटे रियाजभाऊ. पाटाच्या रस्त्यावर समोरून जयराम उसाची भरलेली ट्रॉली घेऊन आला आणि त्याने ती साइडपट्टीवर उतरवली. थोडा ऊस पाटात सांडला तरी उतरवली. मी मोटारीतून डोकं काढून विचारलं, "नवरदेव तर इथं हाय, मग बाजू कशाला दिली?" तर जयराम म्हणाला, "माणूस बसलाय ना वर? मग घोडी रिकामी कशी?" सभेत तो पंख्याकडे का बघत होता ते आता तुला कळलं असेल. त्याचे उसाचे चार ट्रॅक्टर आहेत.

आणि मी खोटं का बोलले? कारण मला ट्रॉली मागे घेता येत नाही. त्या दिवशी उतरायची जागा माझ्या मागे वीस पावलांवर होती. राकेशचे बाबा गेल्यावर पन्नासाव्या वर्षी मी ट्रॅक्टर शिकले. पुढे कुठेही नेईन, पण ट्रॉली लावून मागे घ्यायला लागले की ती भलतीकडेच वळते. तारेपलीकडे नवनाथचे मजूर द्राक्षं तोडत होते. त्या दहा माणसांसमोर ट्रॉली आडवी करून दाखवायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी दोन गोण्यांची ट्रॉली भरलेली ठरवली. एवढंच कारण, जहिदा. हसू नकोस. बरं, हस.

दवाखान्यात मी म्हणाले होते, "तरीपण बाजू तुम्हीच द्यायला पाहिजे होती." पहिल्या पत्रात हे वाक्य मी लिहिलं नाही, कारण लिहिताना माझीच मला लाज वाटली. माणूस बांधलेल्या हाताने खाटेवर पडलेला आणि मी त्याला नियम शिकवते.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. आमच्या लग्नात यांच्यासाठी घोडी सांगितली होती. त्या गावचा घोडेवाला आदल्या दिवशी म्हणाला, घोडीला बरं नाही. दुसऱ्या दिवशी तीच घोडी वरच्या आळीच्या वरातीत नाचताना सगळ्यांनी पाहिली. हे चालत आले, बुटांवर धूळ घेऊन. वर हसत म्हणाले, चाललं की भूक चांगली लागते. म्हणून राकेशच्या वेळी मी घोडीचं नावच काढलं नव्हतं. तुला विचारायचीही हिंमत झाली नाही. आणि तू सकाळी सातला गुलछडीला न्हाऊमाखू घालून, तुरा लावून माझ्या दारात उभी. म्हणालीस, "ताई, नवरदेव कुठंय? घोडी कधीची तयार हाय." आमच्या घरातला पहिला नवरदेव घोडीवर बसला तो तुझ्या घोडीवर. आणि मी त्याच घोडीला त्याच चालीवर नाचवून तुझा नवरा पाडला. गेले दोन महिने मला नीट जेवण जात नाही. तू म्हणशील बरं झालं, वजन उतरलं असेल. उतरलेलं नाही.

काल सभा झाली. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. अंगठा, व्हिडिओ, उसाची ट्रॉली, सगळं. जयरामला म्हटलं, "पंख्याकडं बघू नको, त्या ट्रॉलीवर तूच होतास." तो डोकं खाजवत म्हणाला, "व्हय, आता आठवलं." मग ठराव झाला आणि मी माझ्या हाताने पाटी रंगवली : "पाटाचा रस्ता. जिवंत वाहनाला पहिली वाट. मग भरलेल्याला. मग रिकाम्याला. घोडा किंवा बैल दिसताच हॉर्न बंद." दिनेशचं म्हणणं आहे की सायकलवर तोही जिवंत आहे. नवनाथने आपला दगड पाटीच्या बुडाशी लावला, म्हणजे निदान तो आता जागेवर आहे.

ह्या पत्राबरोबर दिनेश पार्सल पाठवतो आहे. त्यात तुझं पातेलं आहे आणि पातेल्यात हॉर्न आहे, वायरीसकट. राकेशने काढून दिला. त्याचं काय करायचं ते तू कर. पाटात टाक, भंगारात घाल, मला फेकून मार.

घोडी विकू नको असं म्हणायचा मला हक्क नाही. तरी म्हणते. विकू नको. परत ये. भिंतीपलीकडे कुणी खोकत नाही, तर मला करमत नाही.

तुझी,
चांगुणा

ता. क. मी शेतात ट्रॉली मागे घ्यायचा सराव करते आहे. आतापर्यंत बांधावरचे दोन खांब आणि संडासाचा एक कोपरा गेला.

९ एप्रिल २०२५

प्रिय जहिदा,

हे पत्र माझ्या ओट्यावरून तुझ्या ओट्यावर जाणार आहे. मधे फक्त भिंत आहे. तरी दिनेशकडूनच पाठवते आहे. तिकीट लावलं आहे. दिनेश म्हणतो त्याच्या नोकरीत एवढं जवळचं टपाल त्याने कधी दिलं नाही.

तुम्ही ईदनंतर चार दिवसांनी परत आलात ते मी खिडकीतून पाहिलं. टेम्पोतून आधी गुलछडी उतरली, मग रियाजभाऊ, मग तू. मी पदर सारखा करून बाहेर येईपर्यंत तू दार लावून घेतलंस. तासाभराने भिंतीवर माझ्याच एका डब्यात शीरखुर्मा ठेवलेला होता. डब्याबरोबर शब्द एक नाही. शीरखुर्मा राखीने आणि मी उभ्यानेच खाल्ला. साखर कमी होती. मुद्दाम कमी घातली होतीस का? पाच दिवस झाले, तू कोंबड्या नेल्यास, त्यांनी दुसऱ्याच दिवशी तुझ्याकडे अंडी घातली, आणि तू मला बघून न बघितल्यासारखं करतेस. करू दे, म्हटलं. माझ्या कर्माचं आहे.

आता कालचं लिहिते. कालचं मला लिहिलंच पाहिजे, कारण तोंडाने सांगायला गेले तर मी मधेच हसेन किंवा रडेन, आणि दोन्ही मला चालणार नाही.

काल सकाळी शेवटच्या तोडणीचे द्राक्षांचे क्रेट घेऊन निघाले. ट्रॉली काठोकाठ. या वेळी खरोखर भरलेली, दगड नाही, गोण्या नाहीत. नव्या पाटीच्या पुढे गेले आणि समोर गुलछडी. वर रियाजभाऊ, जरा आखडून बसलेले, एक हात अजून जपून धरलेला. त्यांच्या मागे तू, त्यांच्या स्कूटरवर. मी ट्रॅक्टर थांबवला. उतरायची जागा माझ्या मागे, तीच, वीस पावलांवर. माझ्या मागे ललितची जीप आणि नवनाथ होते, त्यांना मी हात केला, ते मागे गेले. तारेपलीकडे आजही मजूर.

रियाजभाऊ म्हणाले, "ताई, तुम्ही भरलेल्या हाय. मी वळवतो घोडी."

मी म्हटलं, "तुम्ही बसून राव्हा. आज बाजू माझी."

आणि घेतली मागे. सतरा पावलं सरळ आली, जहिदा. सतरा! राकेशचे बाबा असते तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. अठराव्याला मला वाटलं आता जमलंच, म्हणून मी एकदा मजुरांकडे बघितलं. तेवढ्यात ट्रॉलीचं एक चाक पाटात गेलं. सहा क्रेट पाण्यात. द्राक्षं पाटातून घड सोडून तरंगत चालली आणि मजुरांनी तारेपलीकडून माना लांब केल्या. पण रस्ता मोकळा झाला होता. घोडीपुरता पुरेसा मोकळा. मी सीटवर तशीच वाकडी बसून राहिले आणि हाताने खूण केली, जा.

रियाजभाऊंनी घोडी पुढे काढली. माझ्या बरोबरीला आल्यावर ती थांबली, वाकली आणि ट्रॉलीतून लोंबणारा एक घड ओढून खाऊ लागली.  पालक आठवला, पण बोलले नाही.

आणि तेव्हा हॉर्न वाजला. तोच. तीच चाल. मला आधी वाटलं माझ्याच डोक्यात वाजतो आहे. गुलछडीने घड सोडला, पुढचे पाय उचलले, एक गिरकी, दोन, तीन. या वेळी रियाजभाऊंनी दोन्ही गुडघ्यांनी तिला घट्ट धरलं होतं, चांगल्या हातात लगाम होता, आणि ते दात काढून हसत होते. म्हणजे त्यांना आधीच सांगून ठेवलेलं. मजूर शिट्ट्या मारायला लागले. ललितच्या जीपमधून एक बाई उतरून नाचायलाच लागल्या. आणि तू, स्कूटरच्या हँडलला मी पाठवलेला हॉर्न बांधून, मान वळवून पाटाकडे बघत होतीस, जसा तुझा काही संबंधच नाही.

मी तुझ्याकडे बघितलं तेव्हा तू म्हणालीस, "चुकून लागला. कोपर लागलं."

तीन महिन्यांत माझ्याशी बोललेला तुझा पहिला शब्द, आणि तो खोटा.

ट्रॅक्टर राकेशने आणि नवनाथने बाहेर काढला. समितीची अध्यक्ष म्हणून मला ह्या घटनेचा अहवाल लिहावा लागणार आहे. पाटीवर स्पष्ट लिहिलं आहे, घोडा दिसताच हॉर्न बंद. नियम सगळ्यांना सारखा. तेव्हा संध्याकाळी चहाला ये आणि जबाब दे. चहात साखर नेहमीएवढी घालीन.

जहिदा, हॉर्न तू अंगठ्याने वाजवलास. मी पाहिलं.

चांगुणा